जी-फाइव्हमधलं पाणी

कॉम्प्युटरवर चहा सांडला तर काय होतं हे कळायला इंजिनियरिंगची डिग्री लागत नाही. आपल्याकडे ऑफिसात डेस्कवर पाण्याची बाटली ठेवतानाही लोक कीबोर्डपासून वीतभर लांब ठेवतात. आणि तरीही जून २००४ मधे ॲपलने असा एक डेस्कटॉप जाहीर केला, ज्याच्या आत कंपनीनेच पाणी भरून दिलं होतं. पंप, नळ्या, रेडिएटर, सगळा सरंजाम. पॉवर मॅक जी-फाइव्ह, ड्युअल अडीच गिगाहर्ट्झ.

या वीकेंडला त्याच्याबद्दल लिहितोय, कारण त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे ऑक्टोबर २००५ चा 'क्वाड', गेले दोन महिने माझ्या टेबलाखाली आहे. आणि त्यातलं पाणी मी काढून टाकलंय.

आधी थोडा इतिहास, नाहीतर गंमत कळणार नाही. जून २००३ मधे स्टीव्ह जॉब्सने पहिला जी-फाइव्ह दाखवला. आयबीएमचा पॉवरपीसी ९७० प्रोसेसर, कमाल दोन गिगाहर्ट्झ, आणि तो पूर्ण हवेवर थंड व्हायचा. अ‍ॅल्युमिनियमची जाळीदार पेटी, आत हवेचे चार वेगवेगळे कप्पे आणि एकूण नऊ फॅन. याच वेळी जॉब्सने स्टेजवरून सांगून टाकलं की बारा महिन्यांत तीन गिगाहर्ट्झ देऊ. आपले मॅनेजर क्लायंटला डेट देतात ना, अगदी तस्सं!

मग लोचा झाला. आयबीएमने १३० नॅनोमीटरवरून ९० नॅनोमीटरवर उडी मारली. चिप लहान झाली. साधारण अर्धीच म्हणा. पण उष्णता त्या प्रमाणात कमी झाली नाही. ९० नॅनोमीटरवर ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून करंट झिरपायला लागला होता, आणि हे दुखणं तेव्हा सगळ्याच चिपवाल्यांना झालं होतं. म्हणजे तेवढीच आग, पण अर्ध्या जागेत. आता मोठ्या तव्याखालचा गॅस आणि वेल्डिंगची ज्योत यांत जो फरक आहे तोच हा. एकूण उष्णता किती, यापेक्षा ती किती चौरस मिलिमीटरमधून बाहेर काढायचीय हा प्रश्न मोठा झाला.

एका वर्षाने तीन गिगाहर्ट्झऐवजी अडीच आला, आणि तोही पाण्यावर. एप्रिल २००५ मधे २.७ आला. जून २००५ मधे जॉब्सने जाहीर केलं की आम्ही इंटेलकडे चाललो, आणि कारण दिलं दर वॅटमागे मिळणारा परफॉर्मन्स. त्यानंतर चार महिन्यांनी क्वाड आला: दोन प्रोसेसर, प्रत्येकात दोन कोअर, अडीच गिगाहर्ट्झ, हजार वॅटचा पॉवर सप्लाय. पॉवर कॉर्डसुद्धा नेहमीच्या कॉम्प्युटरची चालत नाही, जाड आणि वेगळ्या पिनची लागते. पुढे ऑगस्ट २००६ मधे जवळपास तशाच पेटीत इंटेलचा मॅक प्रो आला. त्यात चार कोअर होते आणि पाणी अजिबात नव्हतं!

म्हणजे जी-फाइव्हमधलं पाणी कुणाला हौस होती म्हणून आलं नव्हतं. ते दिलेला शब्द आणि फिजिक्स यांच्यामधली खाच बुजवायला आलं होतं.

आता हे मशीन माझ्याकडे कसं. माझ्या मामाचा कोथरूडला छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. एक खोली, भिंतींना फोम, आणि कोपऱ्यात हा वीस किलोचा धातूचा ठोकळा. स्टुडिओ कधीच बंद झाला, मशीन राहिलं. त्यात चाळीसेक सेशन्स आहेत. हार्डडिस्कवरचे सुटे ट्रॅक कुठेही कॉपी होतात, ते मी पहिल्याच दिवशी करून ठेवले. पण मिक्स, म्हणजे कुठला आवाज किती, कुठे कापलाय, कुठला इफेक्ट लावलाय, हे सगळं फक्त याच मशीनवर, याच सॉफ्टवेअरमधे आणि फक्त पॉवरपीसीवर चालणाऱ्या प्लग-इन्सच्या भरवशावर उघडतं. इंटेल मॅकवर जुनी पॉवरपीसी सॉफ्टवेअर चालवणारा रोझेटा २०११ च्या लायन सिस्टिमपासून गेला. त्यामुळे दुसरा रस्ता नाही.

त्या चाळीसमधलं एक सेशन आजीचं आहे. २००७ सालचं. मामाने तिला खुर्चीत बसवून जात्यावरच्या ओव्या म्हणून घेतल्या होत्या, दोन दुपारी. मिक्स बरंचसं झालं होतं, सीडी निघाली नाही. आजी २०११ मधे गेली. घरात त्या सेशनचा विषय निघाला की मामा म्हणतो, "करू रे एकदा." मग कोणी काही बोलत नाही.

मशीन चालू होतं. गळत नव्हतं. मी सांगितलं की आतली लिक्विड कूलिंग सिस्टिम काढून हवेवर चालणारे हीटसिंक बसवूया, तर मामा भडकलाच.

"अरे चालतंय ना? मग कशाला हात लावतोस?"

"चालतंय तोवरच लावता येईल."

"आणि तू लावल्यावर बंद पडलं तर?"

हा प्रश्न चुकीचा नाही. आपल्या धंद्यात तर हे पहिलं सूत्र आहे. प्रॉडक्शनला चालणाऱ्या कोडला उगीच हात लावायचा नाही. मीही आठवडाभर हाच विचार करत होतो. पण त्या सूत्रात एक अट लपलेली असते, ती आपण कधी मोठ्याने म्हणत नाही. वस्तू बंद पडली तर ती हळू, सांगून आणि दुरुस्त होण्यासारखी बंद पडेल, अशी ती अट.

आता हे बघा. हवेवरच्या कॉम्प्युटरचा फॅन गेला तर काय होतं? आवाज येतो, तापमान चढतं, मशीन स्वतःला मंद करतं, शेवटी बंद होतं. तुम्ही तीनशे रुपयांचा फॅन आणता. संपलं. लिक्विड सिस्टिमचं सील गेलं तर काय होतं? काहीच आवाज येत नाही. दोन भागांच्या जोडावर रबराच्या ओ-रिंग असतात. रबर वीस वर्षांत कडक होतं, आक्रसतं. ते कुठल्या कंपनीचं आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही, कुकरची रिंगसुद्धा आपण बदलतोच की. एक थेंब येतो, मग दुसरा. आणि जी-फाइव्हमधे पॉवर सप्लाय कुठे आहे? सगळ्यात खाली, पेटीच्या तळाला आडवा. थेंब पडायला अगदी सोयीची जागा. आतलं द्रव म्हणजे गाडीच्या रेडिएटरमधे असतं तशा जातीचं, पाणी आणि अँटीफ्रीज. ते वीज वाहून नेतं आणि तांबं-शिसं खातंही. जगभरातल्या जुन्या लिक्विड कूल्ड जी-फाइव्हचं असं झालेलं लोकांनी पाहिलंय. बोर्ड हिरवा पडलेला दिसतो तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

थोडक्यात, दोन्ही सिस्टिम चालतात सारख्याच. बंद मात्र वेगवेगळ्या पडतात. आणि वीस वर्षांच्या मशीनबद्दल विचारायचा प्रश्न 'चालतं कसं' हा नाही, 'बंद कसं पडणार' हा आहे.

मामाला हे असंच्या असं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "कुकरची रिंग म्हणालास ते पटलं."

मग गणित केलं. हे फर्स्ट इयरच्या पातळीचं आहे, घाबरू नका. समजा एक प्रोसेसर शंभर वॅट उष्णता टाकतो. पुण्यात एप्रिलमधे खोली ३५ अंश, पेटीच्या आत आणखी पाच, म्हणजे हवा ४० ची. चिप ७५ च्या वर जाऊ द्यायची नाही असं मी ठरवलं. हातात उरले ३५ अंश. ३५ भागिले १००, म्हणजे दर वॅटला ०.३५ अंशापेक्षा जास्त चढ चालणार नाही. आजकालचा चांगला टॉवर कूलर, म्हणजे तांब्याच्या हीटपाइप आणि १२० मिलिमीटरचा फॅनवाला, ०.२ च्या आसपास देतो. म्हणजे कागदावर मार्जिन ठेवून काम होतं! २००४ मधे जे पाण्याशिवाय अवघड वाटत होतं, ते आज गेमिंगवाली पोरं ज्या दुकानातून कूलर घेतात तिथल्या मालात बसतं.

आणि इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. हीटपाइप म्हणजे नुसती तांब्याची कांडी नसते. ती पोकळ असते आणि आत थोडंसं... पाणी असतं! हवा काढून टाकलेली असल्यामुळे आतला दाब इतका कमी असतो की पाणी शंभर अंशांची वाट बघत नाही, त्याच्या आधीच उकळतं. गरम टोकाला वाफ होते, वाफ थंड टोकाला पळते, तिथे पाणी होतं, आणि आतल्या भिंतीवरच्या बारीक जाळीतून, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं, परत गरम टोकाला येतं. पंप नाही, मोटर नाही, जोड नाही. दोन्ही टोकं कायमची बंद. कल्पनेचं पेटंट १९४४ मधे जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलरला मिळालं होतं. ते कुणी फारसं वापरलं नाही. मग १९६३ च्या सुमाराला लॉस अलामोसमधे जॉर्ज ग्रोव्हरने ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली आणि 'हीट पाइप' हे नाव दिलं. तिथे कारण होतं अंतराळयान. वर जाऊन पंप दुरुस्त कोण करणार?

म्हणजे खरं तर मी पाणी काढलंच नाही. ओ-रिंग काढल्या. एवढाच काय तो फरक.

बरं, आता प्रत्यक्ष काम. गणित अर्ध्या तासात झालं, काम सहा वीकेंड चाललं.

पहिली अडचण भोकांची. पीसीच्या कूलरचे स्क्रू जिथे येतात तिथे जी-फाइव्हच्या प्रोसेसर बोर्डाला भोकं नाहीत, आणि वीस वर्षांच्या बोर्डाला नवीन भोक पाडणं म्हणजे आत्महत्या. म्हणून मधे एक पट्टी हवी, एका बाजूला जी-फाइव्हची भोकं, दुसऱ्या बाजूला कूलरची. कार्डबोर्डवर माप घेतलं, मग ड्रॉइंग काढून भोसरीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. त्याने तीन मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापून दिल्या. "हे कसलं?" विचारलं. "कॉम्प्युटरचं" म्हटल्यावर पुन्हा एकदा ड्रॉइंगकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. स्प्रिंगा, वॉशर आणि स्क्रू तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपास मिळाले. बुधवार पेठेत ज्या दुकानात मी डिप्लोमावाल्या मित्रांबरोबर प्रोजेक्टचे पार्ट घ्यायला जायचो, तेच दुकान.

दुसरी अडचण दाबाची. या प्रोसेसरवर इंटेल-एएमडीसारखं धातूचं झाकण नसतं. सिलिकॉनचा तुकडा उघडा असतो, हीटसिंक थेट त्यावर टेकतो. हीटसिंक जराही तिरका बसला की कोपऱ्याचा टवका उडतो आणि खेळ खलास. म्हणून स्क्रूखाली स्प्रिंग. दाब स्प्रिंग ठरवते, माझा हात नाही. आणि स्क्रू पिळायचे ते गाडीच्या चाकाच्या नटांसारखे, समोरासमोरचे, प्रत्येकी अर्धा आटा. एकच स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जायचं नाही.

तिसरी वजनाची. जी-फाइव्हचा बोर्ड उभा असतो, त्यामुळे टॉवर कूलर भिंतीतल्या खुंटीसारखा आडवा लोंबतो. ते सगळं वजन चिपच्या चार स्क्रूंवर नको. म्हणून कूलरच्या टोकाला पेटीच्या चौकटीपासून एक आधार दिला. खालून रबरी गादी लावली, कंपन जाऊ नये म्हणून.

चौथी म्हणजे मुख्य फेरफार. कूलरच्या खालच्या फिन्स प्रोसेसर बोर्डावरच्या उंच पार्टना टेकत होत्या. त्या कापाव्या लागल्या. नवाकोरा कूलर व्हाइसमधे धरून हॅकसॉने कापताना बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "हे तू पैसे देऊन आणलंस ना?" कापलेल्या फिन्स एकूण क्षेत्रफळाच्या दहा टक्केही नव्हत्या, मार्जिन होतंच. पण एक सांगतो: कापणं बाल्कनीत, मशीनपासून लांब. अ‍ॅल्युमिनियमचा एक बारीक कण बोर्डावर पडला तर पाण्याच्या थेंबाइतकाच वाईट. कडा कानशीने घासून, ब्रशने झाडून, स्पिरिटने पुसून मगच घरात.

आणि एक गोष्ट सहज सुटू शकते. प्रोसेसरला वीज पुरवणारे रेग्युलेटरही तापतात. चिप थंड पडली म्हणून खूश होऊन बसलं तर शेजारचे रेग्युलेटर भाजून निघतात. मी कूलरचा फॅन असा फिरवून लावला की हवेचा थोडा झोत त्यांच्यावरही जाईल.

पंपांच्या वायरिंगचा भाग इथे लिहीत नाही, तो मॉडेलप्रमाणे बदलतो. पण एवढं लक्षात ठेवा की हे मशीन स्वतःचं कूलिंग ओळखतं. लिनक्समधला याच मॉडेलसाठीचा विंडफार्म ड्रायव्हर वाचलात तर दिसेल, प्रोसेसरच्या फॅनबरोबर पंपही कंट्रोलच्या यादीत आहेत. कूलिंग बदललं की थर्मल कॅलिब्रेशन करावं लागतं. ते होईपर्यंत सगळे फॅन फुल स्पीडला. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, "नवीन मिक्सर घेतलात का?"

कॅलिब्रेशननंतर आवाज खाली आला. पण मी शेवटचा निर्णय वेगळाच घेतला, आणि मला वाटतं तोच सगळ्यात महत्त्वाचा. सिस्टिममधे प्रोसेसर परफॉर्मन्सची सेटिंग आहे. मी ती 'हायेस्ट'वरून 'रिड्यूस्ड'वर आणली. चिपची उष्णता ढोबळमानाने क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दोन्ही थोडे उतरवले की उष्णता थोडी नाही, खूप उतरते. आजीच्या सेशनमधे मोजून सात ट्रॅक आहेत. त्यांना चार कोअर आणि अडीच गिगाहर्ट्झ कशाला हवेत?

इथे मला या मशीनच्या इंजिनियरांबद्दल कळवळा वाटला. त्यांना हा निर्णय घेताच आला नसता. त्यांना स्टेजवरून दिलेल्या आकड्याच्या जवळ जायचं होतं, आणि पाच वर्षांनंतरच्या ओ-रिंगचा विचार करायला कुणी त्यांना सांगितलं नसणार. त्यांची रिक्वायरमेंट वेग होती. माझी आयुष्य आहे. दोघांच्या जागी दोघं बरोबर.

पाणी वाईट असतं असंही नाही. १९८५ चा क्रे-२ हा सुपरकॉम्प्युटर तर अख्खा द्रवात बुडवलेला होता. आज एआयच्या डेटा सेंटरमधे रॅकच्या रॅक पुन्हा पाण्यावर गेलेत. पण तिथे लीक सेन्सर असतात, देखभालीचं वेळापत्रक असतं, रात्रपाळीला कोणीतरी जागं असतं. आपल्या गाडीतही पाणी असतं आणि सर्व्हिसिंगला मेकॅनिक ते बघतो. घरातल्या बंद पेटीत कोण बघतं? ज्याच्यावर कोणाची नजर नाही, ते निमूट थंड पडून बंद होणाऱ्या जातीचं असावं.

हे लिहिताना ऑफिसातल्या किती सिस्टिम्स आठवल्या काय सांगू. डेमोला चकाचक, वेगवान, आणि आत कुठेतरी एक ओ-रिंग, जिच्याबद्दल माहीत असलेला माणूस तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला...

असो. मशीन आता रोज संध्याकाळी दोन-तीन तास चालतं. खोली ३४ ला असताना चिप साठीच्या आसपास. मामा शनिवारी येतो, हेडफोन लावून बसतो. आम्ही एकेक सेशन उघडून प्रत्येक ट्रॅक इफेक्टसकट साध्या ऑडिओ फाइलमधे उतरवतोय. म्हणजे नंतर हे मशीन मेलं तरी चालेल. एकतीस झाली, नऊ राहिलीत.

आजीचं मामाने शेवटी ठेवलंय. त्याला घाई करायची नाही असं मी ठरवलंय. आता तेवढा वेळ आहे.